ड्रेडच्या हेल्मेटवरचं भांडण पुरे, कायद्याबद्दल बोला

ब्रिटिश कॉमिकमधल्या जज ड्रेडवर नवा सिनेमा येणार, डायरेक्टर टायका वाइटिटी आणि लिहिणार ड्रू पिअर्स, ही बातमी २०२५ च्या जुलैत आली आणि तेव्हापासून फॅन लोकांचे जे दोन तट पडलेत ते अजून एकमेकांशी भांडतायत. एक तट म्हणतो की हा वाइटिटी सगळ्याचीच चेष्टा करतो, मार्व्हलच्या थॉरचं शेवटी काय केलं ते बघितलं ना, आता ड्रेडची पण वाट लावणार. दुसरा तट म्हणतो की तुम्ही मूळ कॉमिक वाचलंय तरी का, ते पहिल्यापासून विनोदीच होतं, त्यामुळे याच्याहून योग्य माणूस सापडणारच नाही. मग त्याला जोडून हेल्मेट काढायचं की नाही, २०१२ च्या सिनेमात ड्रेड झालेल्या कार्ल अर्बनला परत घ्यायचं की नाही, त्या सिनेमाचा पुढचा भाग का नाही काढत, हे सगळं आलंच. मला दोन्हीकडचं प्रेम कळतं, मी स्वतः या कॉमिकचा चाहता आहे, पण हा वाद फार वाईट पद्धतीने चाललाय. सिनेमा गंभीर हवा की विनोदी हवा यावर तासन् तास घालवून काहीही हाती लागणार नाही, कारण ड्रेड हा दोन्ही आहे आणि कायम होता. विचारायचं ते हे की या सिनेमात प्रेक्षकाला भीती नेमकी कोणाची वाटणार? गुंडांची, की गुंडांना पकडणाऱ्या कायद्याची? याचं उत्तर चुकलं तर हेल्मेट शेवटपर्यंत डोक्यावर राहूनही तो ड्रेडचा सिनेमा होणार नाही.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २००० एडी नावाचं ब्रिटिश साप्ताहिक फेब्रुवारी १९७७ मध्ये सुरू झालं आणि दुसऱ्याच अंकात, मार्चमध्ये, ड्रेड आला. लेखक जॉन वॅगनर, चित्रकार कार्लोस एझक्वेरा, आणि संपादक पॅट मिल्स यांचं ते मिळून केलेलं काम. अणुयुद्धानंतरची अमेरिका, बाहेर सगळीकडे शापित वाळवंट, आणि पूर्व किनाऱ्यावर पसरलेलं मेगा-सिटी वन नावाचं एकच अवाढव्य शहर, एके काळी लोकसंख्या ८० कोटी. कामं सगळी रोबोटांनी घेतलेली, त्यामुळे बहुतेक लोक बेकार, शेकडो मजल्यांच्या ब्लॉकमध्ये कोंबलेले, आणि कंटाळ्याने वेडे झालेले. लोकशाही नाही. जज नावाचे लोक राज्य करतात आणि तेच रस्त्यावर पोलीस म्हणूनही फिरतात, ड्रेड त्यांच्यातलाच एक, म्हणजे पकडणारा तोच, दोषी ठरवणारा तोच, शिक्षा देणारा पण तोच, तिथल्या तिथे, वकील नाही, अपील नाही. साखर बेकायदा, कॉफी बेकायदा. आता हे चित्र ज्याने पहिल्यांदा काढलं तो एझक्वेरा १९४७ मध्ये स्पेनमध्ये जन्मला, म्हणजे त्याचं सगळं बालपण आणि तरुणपण जनरल फ्रँकोच्या हुकूमशाहीत गेलं. ड्रेडच्या खांद्यावरचा तो मोठा गरुड, छातीवरचा बिल्ला, चेहरा झाकणारं हेल्मेट, हे नुसतं भारी दिसावं म्हणून काढलंय असं ज्याला वाटतं त्याने हे लक्षात ठेवावं.

आता विनोदाला घाबरणाऱ्या लोकांचं म्हणणं आधी नीट ऐकून घेऊ, कारण त्यांची भीती हवेतली नाहीये. १९९५ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोनला घेऊन पहिला सिनेमा आला, सुमारे ९ कोटी डॉलर खर्च करून, आणि त्यात ड्रेडच्या शेजारी रॉब श्नायडरला उभं केलं, सतत बडबड करायला, सतत विनोद मारायला. प्रत्येक वेळी जरा कुठे शहराचं वजन जाणवायला लागलं की हा तोंड उघडणार. ज्यांनी लहानपणापासून दर आठवड्याला ते कॉमिक वाचलं होतं त्यांना तो सिनेमा किती लागला असेल याची कल्पना करा, आणि मग सतरा वर्षं वाट बघायला लागली पुढच्या प्रयत्नासाठी. त्यामुळे कोणी "आता परत कॉमेडी डायरेक्टर?" म्हणून कपाळाला हात लावत असेल तर त्याला गेटकीपर, म्हणजे नव्यांना दारातच अडवणारा फॅन, म्हणून हिणवणं मला पटत नाही. त्याने एकदा मार खाल्लाय.

पण त्या १९९५ च्या सिनेमातून सगळ्यांनी चुकीचाच धडा घेतला असं मला वाटतं. तो सिनेमा परत बघा, कॉमिकशी प्रामाणिक राहायचा प्रयत्न त्यात ठिकठिकाणी दिसतो. शहराचं डिझाइन जबरदस्त आहे, बाइक आहे, पिस्तूल आहे, कपाळावर डायल बसवलेला मीन मशीन नावाचा गुंड हुबेहूब कॉमिकमधून उचलून आणल्यासारखा आहे, तो जुना युद्धाचा रोबोट पण आहे. सामान सगळं बरोबर होतं. मग बिघडलं कुठे? बिघडलं ते गोष्टीत. गोष्ट अशी की एका सज्जन, कर्तबगार जजवर खोटा खुनाचा आळ येतो, तो शिक्षा भोगायला बाहेर पडतो, परत येतो, आणि व्यवस्थेत घुसलेल्या वाईट लोकांना संपवून व्यवस्था वाचवतो. म्हणजे व्यवस्था मुळात चांगलीच, चारदोन माणसं तेवढी सडलेली. हे वाक्य एकदा मान्य केलंत की ड्रेडमधलं सगळं संपलं, मग शेजारी विनोदवीर असो नाहीतर नसो. श्नायडरला कापून टाकला असता तरी तो सिनेमा खोटाच राहिला असता, फक्त कमी चीड आणणारा.

हेल्मेटचं पण तसंच. हेल्मेट ही क्षुल्लक गोष्ट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. जवळपास पन्नास वर्षं वाचकाला या माणसाचा चेहरा धड दाखवलेला नाही, आणि त्यामागे पक्का विचार आहे की कायद्याला चेहरा नसतो, त्याच्या आतल्या माणसाशी तुमची ओळख होणार नाही, त्याला दया येईल अशी आशा ठेवू नका. स्टॅलोनने ते काढलं आणि बाकी सिनेमाभर बिनहेल्मेटचा फिरला, तिथे विचारच मोडला. १९८७ च्या रोबोकॉपशी तुलना केली तर हे जास्त स्पष्ट होतं. त्यातही भविष्यातलं सडलेलं शहर, चिलखतातला पोलीस, मध्ये मध्ये वेडगळ जाहिराती, आणि ड्रेडचे वाचक कायम म्हणत आलेत की त्याच्यावर ड्रेडची सावली आहे. पण तिथे हेल्मेट निघतं आणि ते निघायलाच पाहिजे, कारण ती मशीनमधून माणूस परत येण्याची गोष्ट आहे. ड्रेडची गोष्ट बरोब्बर उलटी, इथे माणसाला लहानपणापासून घडवून घडवून मशीन केलंय आणि तो स्वतःहून तसाच राहतो. तेव्हा हेल्मेट राहू दे, शंभर टक्के राहू दे. पण "हेल्मेट ठेवणार" एवढं आश्वासन मिळालं की फॅन लोक खूश होऊन बसतात, हे मला फार खुपतं. टोपी तीच ठेवून तिच्याखाली दुसराच माणूस उभा करणं काय अवघड आहे?

आता येतो २०१२ कडे, आणि इथे मला जरा जपून बोलायचंय कारण तो सिनेमा मला मनापासून आवडतो. ॲलेक्स गार्लंडची स्क्रिप्ट, पीट ट्रॅव्हिसचं दिग्दर्शन, कार्ल अर्बन एकदाही हेल्मेट न काढता नुसत्या हनुवटीवर आख्खा रोल करतो, दक्षिण आफ्रिकेत कमी पैशात शूटिंग, एकच २०० मजली ब्लॉक, एक दिवस, एक ड्रग माफिया बाई, दोन जज. काही फालतू नाही. आणि लोक म्हणतात तितका तो आंधळाही नाहीये. सुरुवातीला ड्रेड सांगतो की दिवसाला सतरा हजार गंभीर गुन्हे होतात आणि जज त्यातल्या सुमारे सहा टक्क्यांपर्यंतच पोचतात, म्हणजे एवढी सगळी क्रूरता असून उपयोग शून्य, हे सिनेमा पहिल्या काही मिनिटांतच सांगून मोकळा होतो. ड्रेडबरोबरची नवशिकी जज अँडरसन एका जखमी माणसाला हुकमाप्रमाणे तिथल्या तिथे गोळी घालते, आणि नंतर ज्या घरात आसरा घ्यायला शिरतात तिथे तिला कळतं की समोरची बाई त्याच माणसाची बायको आहे. त्या सीनवर मी अजूनही अडकतो. कॉमिकचा खरा गाभा २०१२ मध्ये कुठे असेल तर तो तिथे आहे, सगळ्या स्लो मोशन गोळीबारात नाही.

मग तक्रार काय? तक्रार ही की तो सीन येतो आणि सिनेमा त्याच्या पुढे निघून जातो. समोरची टोळी इतकी राक्षसी आहे की जजेस काहीही करोत, ते बरोबरच वाटतात. शेवटी ड्रेड त्या बाईला खटल्याशिवाय वरच्या मजल्यावरून खाली फेकतो आणि थिएटरमध्ये टाळ्या पडतात. मी पण वाजवल्या असतील, सीनच तसा रचलाय. भ्रष्ट जज येतात ते पण पैसे खाऊन आलेले, म्हणजे परत तेच की काही माणसं वाईट. जो जज अजिबात भ्रष्ट नाही, पैसे खात नाही, खोटं बोलत नाही, नियमाच्या बाहेर एक पाऊल टाकत नाही, तोच सगळ्यात भयानक असू शकतो, ही जी कॉमिकची मूळ कल्पना आहे तिच्यापर्यंत २०१२ पोचत नाही. त्या सिनेमाचा पुढचा भाग हवा म्हणून लोकांनी इतकी वर्षं इतक्या मोहिमा चालवल्या, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण तोच टोन परत, तोच माणूस परत, तसाच ब्लॉक परत, एवढंच मागणं म्हणजे फार थोडक्यावर समाधान मानणं झालं.

विनोदाच्या बाजूचे लोक इथे म्हणतील की बघा, आम्ही तेच सांगतोय, कॉमिक हे सटायरच, म्हणजे व्यंगच होतं. बरोबर आहे, आणि कॉमिकमधला विनोद जितका सांगू तितका थोडा. जज कॅल नावाचा वेडा सत्ता हातात घेतो, रोमच्या कॅलिग्युलावरून बेतलेला, आणि एका सोनेरी माशाला आपल्या खालोखालच्या पदावर नेमतो. इतकी चविष्ट कँडी निघते की खाणाऱ्याचं दुसऱ्या कशात लक्षच लागत नाही आणि तिच्यावर बंदी आणावी लागते. ऑटो संप नावाच्या कुरूप माणसामुळे कुरूप दिसण्याची फॅशन येते आणि लोक पैसे देऊन चेहरे बिघडवून घेतात. काही जण खाऊन खाऊन पोटाखाली चाक लावून फिरायला लागतात, आणि त्यांची संघटना पण निघते. हे सगळं पाच-सहा पानांत, दर आठवड्याला, मुख्यतः पोरांनी वाचायचं साप्ताहिक. हा खजिना २०१२ ने जवळपास वापरलाच नाही आणि नव्या सिनेमाने तो वापरावा असं मला पण मनापासून वाटतं.

पण या सगळ्या उदाहरणांत विनोद करतंय कोण ते बघा. ड्रेड करत नाही. ड्रेड कधीच हसत नाही, त्याला त्यात हसण्यासारखं काही दिसतच नाही. शहर वेडं आहे आणि तो त्या वेडेपणाला गंभीर चेहऱ्याने कलम लावून वर्षं मोजून शिक्षा देतो, आणि हसू येतं ते या दोघांच्या मधल्या फटीतून. वाचक हसतो, मग जरा वेळाने त्याच्या लक्षात येतं की ज्याला शिक्षा झाली तो बिचारा कंटाळलेला बेकार माणूस होता, त्याने केलं काय तर जरा वेगळं जगायचा प्रयत्न केला, आणि आपण कायद्याच्या बाजूने हसलो. म्हणून "कॉमिक विनोदी आहे, वाइटिटी विनोदी आहे, जमलं" हे गणित कच्चं आहे. ज्या विनोदाने पात्रं स्वतःच आपल्या गोष्टीची खिल्ली उडवतात, संकट आलं की एक टोमणा मारून प्रेक्षकाला सांगतात की घाबरू नका, हे काही खरं नाही, तो विनोद ड्रेडला मारक आहे. ड्रेडच्या जगात प्रेक्षकाला धीर देणारं कोणी नको.

वाइटिटीबद्दल माझं मत विचाराल तर मी आशा आणि धास्ती दोन्ही घेऊन बसलोय. थॉरच्या २०२२ च्या सिनेमात त्याने कॅन्सरने मरणारी नायिका आणि ओरडणाऱ्या बकऱ्या एकाच पातेल्यात घातल्या आणि दोन्हीची चव गेली. पण याच माणसाने २०१९ मध्ये जोजो रॅबिट केला, ज्याला पटकथेचं ऑस्कर मिळालं. त्यात दहा वर्षांचा पोरगा नाझी आहे, हिटलर त्याचा काल्पनिक दोस्त आहे, आपण हसत हसत चाललोय, आणि मग त्या पोराला चौकात आईचे बूट दिसतात. हवेत. त्यानंतर सिनेमा तुम्हाला हसल्याचा हिशेब मागतो. काही समीक्षकांचं म्हणणं होतं की त्याने नाझींना फार मऊ, फार गोंडस केलं, आणि ते म्हणणं मला पूर्ण झटकता येत नाही, म्हणूनच ड्रेडला त्याच्याहून कठोर हात लागेल. तरीपण हुकूमशाही एखाद्या पोराला किती आवडू शकते, गणवेश किती भारी वाटतो, आपल्यालाही त्यात घेतलं तर किती बरं होईल, हे ज्याला कळलंय त्याला ड्रेडची पहिली पायरी कळली आहे. कारण ड्रेड भारी वाटलाच पाहिजे! ॲक्शनवाले फॅन इथे अगदी बरोबर आहेत. बाइक, पिस्तूल, तो करडा आवाज, हे सगळं आवडायलाच पाहिजे, नाहीतर नंतर स्वतःच्या आवडीची लाज वाटणार कशी?

कॉमिकमधल्या १९८२ च्या, महायुद्धावरच्या कथेत हेच आहे. सोव्हिएत महानगर हल्ला करतं, मेगा-सिटी वनचे ४० कोटी लोक मरतात, ड्रेड मूठभर लोक घेऊन शत्रूच्या क्षेपणास्त्र तळात घुसतो, आणि आपण श्वास रोखून त्याच्याबरोबर असतो. मग त्याच्या हातात बटण येतं. समोरून दयेची विनंती होते. तो नाकारतो आणि ५० कोटी माणसं एका पानात जातात. ज्या पोरांनी ते त्या आठवड्यात वाचलं त्यांच्यातली कितीतरी आनंदाने ओरडली असणार, आणि तेच तर लेखकांना हवं होतं, की तू कशावर ओरडलास हे तुला मोठा झाल्यावर कळेल. असा सीन आजच्या मोठ्या बजेटच्या सिनेमात करून दाखवायची हिंमत कोणी करेल?

यावर सगळ्यात तगडा आक्षेप असा येतो की हे सगळं वाचकाच्या शहाणपणावर सोडलंय आणि लोक शहाणे नसतात. आणि याला पुरावा आहे. पनिशर हे मार्व्हलचं १९७४ चं पात्र, कायदा कोलमडल्यावर बंदूक घेऊन निघालेला उद्ध्वस्त माणूस. त्याच्या छातीवरची कवटी पुढे अमेरिकेत खुद्द पोलीस आणि सैनिक मिरवायला लागले. त्याच्या जनकांपैकी एक जेरी कॉनवे जाहीरपणे विरोध करत राहिला, सांगत राहिला की कायद्याच्या माणसाने हे चिन्ह लावणं म्हणजे उलटा अर्थ झाला, काही उपयोग झाला नाही. १९९७ मध्ये स्टारशिप ट्रूपर्स हा सिनेमा आला तेव्हा फॅसिझमची ती उघड उघड टिंगल होती, तरी कितीतरी समीक्षकांनी त्यालाच फॅसिस्ट सिनेमा ठरवलं, आणि काही प्रेक्षकांनी तर तो सरळ वीरकथा म्हणून एंजॉय केला. मग ड्रेडचा गरुड उद्या कोणी खऱ्या गणवेशावर लावणार नाही कशावरून? आक्षेप खरा आहे. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? सटायर सोडून द्यायचं? सोडून दिलं तर उरतो फक्त गरुड आणि बंदूक, म्हणजे ज्यांना चुकीचा अर्थ काढायचाय त्यांचं काम आपणच सोपं करून दिलं. पनिशरबाबत जे झालं त्याचं एक कारण मला असं दिसतं की त्याच्या बहुतेक गोष्टींत समोर मरणारी माणसं नालायकच असतात, ज्याच्यावर चुकीने गोळी पडली त्याच्या घरात वाचक जात नाही. २०१२ मधला अँडरसनचा सीन आठवा. उपाय तिथेच आहे. गोळीनंतर कॅमेरा त्या घरात गेला पाहिजे आणि तिथे थांबला पाहिजे.

"कॉमिकशी प्रामाणिक रहा" ही मागणी पण जरा तपासून बघायला हवी, कारण तिच्या नावाखाली काहीही खपतं. वॉचमेनचा २००९ चा सिनेमा घ्या. झॅक स्नायडरने कितीतरी फ्रेम जशाच्या तशा उतरवल्या, पण मूळ कॉमिक सांगतं की मुखवटे घालून लोकांना मारत फिरणारी माणसं आतून मोडलेली असतात, आणि सिनेमा तीच मारामारी इतकी देखणी, इतकी संथ करून दाखवतो की ती हवीहवीशी वाटते. चित्र तेच, अर्थ उलटा. त्याच्या शेजारी बाँग जून-होचा २०१३ चा स्नोपिअर्सर ठेवा. १९८२ चं फ्रेंच कॉमिक, त्यातून त्याने घेतलं काय तर बर्फातून धावणारी गाडी आणि डब्याडब्यात विभागलेले गरीब-श्रीमंत, बाकी पात्रं, घटना जवळजवळ सगळं नवीन. तरी कॉमिकचा राग त्यात शाबूत आहे. आणि कात्सुहिरो ओतोमोने तर अकिराचा सिनेमा १९८८ मध्ये स्वतःच केला, जेव्हा त्याची स्वतःची कॉमिक मालिका संपली पण नव्हती, आणि हजारो पानांतला मोठा भाग स्वतःच्या हाताने गाळला. मूळ लेखकालाच जे गाळायला चाललं त्याच्यासाठी फॅन कशाला रडणार? ड्रेडच्या सिनेमात मीन मशीन नसला तरी चालेल, डार्क जजेस नावाचे खलनायक नसले तरी चालेल. या जगाचा राग मात्र असायलाच पाहिजे.

पैशाचा मुद्दा पण आहे, त्याला उत्तर देतो आणि पुढे जातो. लोक म्हणतात २०१२ चा सिनेमा एवढा चांगला असून जगभरात सुमारे ४.१ कोटी डॉलरवर अडकला, मग अजून कडवट, अजून राजकीय सिनेमा कोण बघणार. पण १९९५ चा तर सगळ्यांना आवडावा म्हणूनच बनवला होता ना, स्टार घेतला, चेहरा दाखवला, विनोदवीर घेतला, शेवटी चुंबन पण घेतलं, तरी तो कोणाचाच झाला नाही. गोड करून विकायचा प्रयोग झालेला आहे आणि तो फसलेला आहे.

मला या नव्या सिनेमात काय बघायचंय ते सांगतो. कॉमिकमध्ये लोकशाहीची एक लांब गोष्ट आहे, १९८६ पासून वॅगनर आणि बाकीच्यांनी वर्षानुवर्षं विणलेली. साधी माणसं उठतात, मोर्चे काढतात, मतदानाचा हक्क मागतात, आणि जज त्यांना बदनाम करून, फूट पाडून, मारून संपवतात, ड्रेड स्वतः त्यात पुढे. पुढे त्याच ड्रेडला शंका यायला लागते. तो पद सोडून वाळवंटात निघून जातो, परत येतो तेव्हा शहर उद्ध्वस्त, ते तो वाचवतो, आणि मग हट्ट धरतो की लोकांना एकदा विचारा, जज पाहिजेत की नकोत. १९९१ च्या कथेत ते सार्वमत होतं. आणि लोक जजेसनाच निवडतात. मला आख्ख्या कॉमिकमध्ये याच्याइतकं भीतीदायक काही वाटत नाही. दुष्ट हुकूमशहाने जनतेला कोंडलंय आणि एक शूर मुलगी बंड करते, हे आपण शंभर वेळा बघितलं, त्यात प्रेक्षक कायम बंडखोरांच्या बाजूने बसून निर्धास्त असतो. इथे जनतेला दार उघडून दिलं आणि जनतेने ते आतून लावून घेतलं. का? कारण चोऱ्या होतात, कारण युद्ध बघितलंय, कारण ड्रेड खरंच त्यांचा जीव वाचवतो. लोकांनी भीतीपोटी आपला हक्क स्वतःच्या हाताने देऊन टाकायचा हा प्रकार इतिहासात किती वेळा झालाय? रोमन लोकांनी संकटापुरता डिक्टेटर नेमायची पद्धत काढली होती, सहा महिन्यांसाठी, आणि सीझरपर्यंत येता येता ती तहहयात झाली. १९३३ मध्ये जर्मनीच्या संसदेने कायदा करण्याचा आपलाच अधिकार मतदान घेऊन हिटलरच्या सरकारला दिला, विरोधकांना तुरुंगात टाकून आणि सभागृहात दहशत बसवून का होईना, पण कागदावर सगळं कायदेशीर. मेगा-सिटी वन त्या रांगेत बसतं, आणि म्हणूनच ते भविष्याबद्दल असूनही जुनं होत नाही.

आणि एवढा मोठा पट पहिल्या सिनेमात मावणार नसेल तर ‘अमेरिका’ ही १९९० ची ड्रेडकथा घ्या, वॅगनरची, चित्रं कॉलिन मॅकनीलची. अमेरिका नावाची स्थलांतरितांची मुलगी, तिच्यावर लहानपणापासून प्रेम करणारा बेनेट बीनी, तो पुढे लोकप्रिय गायक होतो, ती लोकशाहीच्या चळवळीत जाते आणि चळवळ चिरडली गेल्यावर बॉम्बच्या वाटेने. तिचा गट स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा उडवायला निघतो, बीनी जजेसना खबर देतो, आणि जज पुतळ्यापाशी दबा धरून बसलेले असतात. गोष्ट सांगणारा बीनी, केंद्रस्थानी ती, ड्रेड मोजक्याच पानांवर येतो, प्रत्येक वेळी नियमाप्रमाणे वागतो, कुठेही खोटं बोलत नाही. यात बॉम्बवाल्यांना पण संत केलेलं नाही, त्यांच्या हातून निरपराध मरतात, त्यामुळे वाचकाला पळायला सोपी जागा दोन्हीकडे नाही. खर्चाच्या हिशेबाने पण ही गोष्ट परवडणारी आहे, दोन माणसं, एक शहर, एक पुतळा. स्टुडिओला नायक म्हणून ड्रेडच पडद्यावर दोन तास पाहिजे असेल, आणि बहुतेक तेच होईल, तर निदान एक साधा नागरिक तरी त्या शहरात शेवटपर्यंत आपल्याबरोबर ठेवा, ज्याच्या दाराबाहेर बाइकचा आवाज आला की त्याच्याबरोबर आपला पण जीव घशाशी येईल. कार्ल अर्बन परत येतो की नाही हे विचारण्याआधी मी वाइटिटी आणि पिअर्सना हे विचारेन की तो नागरिक कोण आहे.